बहाव्याचे लाकूड: गाभा, भुसा आणि खबरदारी

चैत्र-वैशाखात किनवटच्या रानात पिवळ्या घोसांनी लगडणारा बहावा फुलांमुळे सर्वांच्या ओळखीचा असला, तरी सागाची सवय लागलेले आपल्याकडचे कारागीर त्याच्या लाकडाकडे फारसे वळत नाहीत, आणि हे मला अन्यायाचे वाटते. झाड लहान आणि बुंधा बारीक असल्याने रुंद फळ्या निघत नाहीत, हे खरे. पण खांब, औताचे भाग आणि अवजारांचे दांडे यांसाठी त्याचा गाभा जड, कठीण व टिकाऊ असतो.

ओंडका आडवा कापला की बाहेरचा फिकट पट्टा आणि आतला विटकरी-तांबूस गाभा एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसतात. फिकट भागाला कीड लवकर लागते, म्हणून तो काढून टाकलेलाच बरा. पटाशी आणि रंध्याचे पाते या लाकडावर लवकर बोथट होते. धार लावण्याचा कंटाळा असणाऱ्याने यात पडू नये.

बहाव्याला इंग्रजीत ‘इंडियन लॅबर्नम’ म्हणतात, पण युरोपातील लॅबर्नम हे वेगळे झाड. सतराव्या शतकात त्याच्या फांद्यांचे आडवे-तिरपे काप कपाटांवर नक्षीसारखे बसवत, तर स्कॉटलंडमध्ये त्यापासून बॅगपाइप बनत. मात्र त्या झाडाच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, सायटिसिन हे विष असते. बहाव्यात ते नाही. त्याच्या शेंगेतील काळा मगज रेचक आहे, इतकेच. तरीही कोणत्याही लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी नसतो: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवले, त्यामुळे पॉलिशपेपर मारताना नाकावर उपरण्याऐवजी नीट बसणारा मास्कच हवा.