रिकामी परत आलेली ताटली

२४ डिसेंबरला हॅम्बुर्गमधली बहुतेक दुकाने दुपारीच बंद होतात, चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि २५ व २६ हे दोन्ही दिवस सुट्टीचे असल्यामुळे ज्याने दूध-पाव आधी आणून ठेवलेले नसतात त्याची चांगलीच पंचाईत होते. येथे आल्यावर पहिल्या वर्षी ती माझी झाली. बहुधा दया येऊनच एका सहकारी बाईंनी मला त्या संध्याकाळी घरी जेवायला बोलावले.

महिनाभर चौकाचौकांतले नाताळचे बाजार पाहून माझी अपेक्षा भलतीच वाढलेली होती. टेबलावर आले ते बटाट्याचे सॅलड आणि पाण्यात गरम केलेले सॉसेज. मला आधी वाटले, जेवण अजून यायचे आहे. नंतर कळले की असंख्य जर्मन घरांमध्ये त्या संध्याकाळी हेच करतात, कारण सॅलड आदल्या दिवशी करून ठेवता येते आणि सणाच्या वेळी कोणालाही स्वयंपाकघरात अडकून पडावे लागत नाही. (त्यात उत्तरेकडच्या पद्धतीने मेयोनेज घालावे की दक्षिणेकडच्या पद्धतीने गरम स्टॉक, यावर मात्र त्या घरातल्या सासू-सुनेचे एकमत नव्हते, हे ऐकून मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.)

टेबलाच्या मध्यभागी सूचिपर्णी डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या होत्या. नाताळपूर्वीच्या चार रविवारी एकेक वाढवत त्या लावतात. या प्रथेचा उगम याच शहरातला आहे. गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान विखर्न या धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये, नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना मोजता यावे म्हणून, गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी मोठ्या, इतर दिवसांसाठी लहान. हे ऐकताना मला बाबांची चांदणी आठवली.

आमचे घर पुण्याच्या गुरुवार पेठेत, पंचहौदाच्या ख्रिस्ती देवळापासून हाकेच्या अंतरावर. बाबा दिवाळीचा आकाशकंदील उतरवला की त्याच्या कामट्या टाकून देत नसत. त्याच कामट्या सोडवून, दोऱ्याने पुन्हा बांधून ते पाच टोकांची चांदणी करत आणि आम्ही भावंडे तिच्यावर खळीने पतंगाचा कागद चिकटवत असू. खळ जास्त झाली की कागद ओला होऊन फाटे, आणि बाबा काही न बोलता त्या जागी दुसऱ्या रंगाचे ठिगळ लावत. संध्याकाळी आत दिवा लागला की ती ठिगळेच सर्वांत उठून दिसत.

आमच्याकडे ओव्हन नव्हता. केकचे मिश्रण डब्यात ओतून, डब्याला नावाची चिठ्ठी बांधून तो बेकरीच्या भट्टीत द्यायचा आणि रात्री घेऊन यायचा, अशी पद्धत होती. एका वर्षी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि कोणाचा तरी मनुकांनी गच्च भरलेला केक आमच्या घरी आला. आमचा साधा केक ज्यांना मिळाला त्यांच्याविषयी आईला पुढे कितीतरी दिवस चुटपुट लागून राहिली होती. आम्हाला नव्हती.

बाकी फराळ दिवाळीसारखाच असे. आई कातण फिरवून करंजीची कड कापायची, उरलेल्या कडांचे तुकडे माझ्या वाट्याला यायचे, आणि देवळातून परतलो की ताटल्या घेऊन वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडी जाणे हे माझे काम असे. ज्या पंचहौद मिशनमधल्या चहाच्या निमंत्रणाला १८९० मध्ये रानडे, टिळक आदी मंडळी गेली आणि त्यावरून पुढे पुण्यात केवढे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले, त्याच मिशनच्या सावलीत आमच्या करंज्या शेजारच्या जोशीकाकू देवापुढे ठेवून मग मुलांना वाटत. ताटली कधी रिकामी परत येत नसे. काही नसले तर निदान चिमूटभर साखर तरी तिच्यावर असेच.

यंदा मी येथे करंज्या केल्या. सारणाला सुके खोबरे मिळाले, कातण पुण्याहून आणलेले होते, तरी तीन करंज्या तेलात फुटल्याच. उरलेल्यांपैकी सहा मी समोरच्या घरातल्या आजींना नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटली परत आणून दिली. स्वच्छ धुतलेली, पुसलेली आणि रिकामी. त्यांच्या दृष्टीने तीच रीत होती, हे मला समजत होते, तरीही दार लावल्यावर ती ताटली हातात धरून मी काही वेळ उगीचच उभी राहिले.

येथे दुपारचे चार वाजले तेव्हा पुण्यात साडेआठ झाले होते. मी आईला फोन लावून सगळे सांगितले. तिने आधी बटाट्याच्या सॅलडबद्दल, “सणासुदीला बटाटे?” असे विचारून घेतले, मग ताटलीचे ऐकले आणि क्षणभर थांबून म्हणाली, “अगं, पण करंज्या संपल्या ना त्यांच्याकडच्या? मग उद्या आणखी चार दे.”