डावा पाय मोठा

टाच दुखायला लागली म्हणून डॉक्टरांनी मऊ एमसीआरची, म्हणजे स्पंजसारख्या रबराची, चप्पल घालायला सांगितली, ती घातली, टाचेला बरं वाटलं, पण एप्रिलच्या दुपारी पाय नुसता चिकचिक व्हायचा. आणि खरं सांगू का, ती घालून बिंदू चौकातनं चालताना मी आत्ताच दवाखान्यातनं सुटून आलेय असं वाटायचं.

म्हणून एका ओळखीच्या कारागीर मामांकडं गेले. म्हटलं मामा, कोल्हापुरीच पाहिजे पण टाचेला त्रास नको. त्यांनी कागद जमिनीवर टाकला नि म्हणाले, "उभ्या ऱ्हावा ताई, बसून माप घेऊन उपयोग न्हाई, वजन पडलं की पाय पसरतो." पेन्सिल पायाभोवती फिरताना गुदगुल्या झाल्या. दोन्ही कागद शेजारी धरले तर डावा पाय चक्क मोठा! एवढी वर्षं मी दोघांना एकाच नंबरात कोंबत होते.

कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा. हिरडा म्हणजे तोच, जो आजी पोट साफ व्हायला द्यायची. त्या कातड्यात घाम जिरतो, पाय कोरडा राहतो. शिलाई चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. माझ्यासाठी टाचेखाली एक थर वाढवला आणि मधोमध ठोकून जरा खोलगट केला. याला आता 'वेलनेस' म्हणून दुप्पट भाव लावतात म्हणे, मामा फक्त "बसंल आता टाच" म्हणाले.

(२०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, त्यावर घरात ह्यांचा अजून राग आहे. माझं माहेर निपाणीचं, म्हणजे बेळगाव जिल्हा, त्यामुळं मी गप्प.)

पहिले आठ दिवस मात्र चप्पल अशी चावली की विचारू नका, अंगठ्याला फोड, रोज रात्री पट्ट्याला एरंडेल चोळत बसायचं. मग कधीतरी चावायची थांबली, कळलंच नाही. महिन्याभरानं तळावर पाच बोटांचे काळपट खळगे पडलेले, टाचेचा मोठा. लेकीचा नंबर माझाच, परवा घाईत तीच घालून दुधाला गेली आणि कोपऱ्यावरनंच परत, "आई, हिच्यात आधीच कुणीतरी उभं आहे गं!"

टाच पूर्ण बरी झाली असं नाही, स्वयंपाकघरात अजून एमसीआरच असते. आणि आता पाऊस लागलाय, भिजली की संपली, म्हणून कोल्हापुरी पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकलीय. मधनंमधनं काढून बुरशी आली नाही ना बघते.