दरवाजात बोट अडकलं म्हणे!

2022 मध्ये पॉवर प्रेसवर (पत्रा कापायचं-दाबायचं मशीन) माझ्या उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. बोटाचं काय, सवय झाली, पण केसपेपरवरच्या एका वाक्याचा राग अजून जात नाही. रात्रपाळी होती, स्ट्रोक डबल येतोय, म्हणजे एकदा दाबलं की प्रेस दोनदा खाली येतोय, म्हणून आठवडाभर सांगत होतो, दोन हातांची बटनं (दोन्ही हात त्यावर असले तरच प्रेस चालतो) बंद करून पेडलवर काम चालू होतं कारण त्यात पीस जास्त निघतात. पीस काढायला हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, गेला आणि परत स्ट्रोक आला.

सुपरवायजरने स्वतःच्या गाडीवरून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, तेव्हा देवमाणूस वाटला मला. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, मी दात आवळून बसलेलो, उत्तर त्यानेच दिलं. "घरी दरवाजात बोट अडकले." हे मी वाचलं अठरा दिवसांनी! गेटवर 'अपघाताविना दिवस' असा बोर्ड आहे, त्यावर त्या रात्री 212 होते, मित्र म्हणाला सकाळी 213 झाले.

ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) हॉस्पिटलमधलं ऑपरेशन, ड्रेसिंग सगळं व्यवस्थित झालं, तक्रार नाही. घोडं अडलं ईएसआयच्या ब्रँच ऑफिसात, जिथून घरी बसल्या दिवसांचे पैसे मिळतात. कामावरची इजा धरली तर पगाराच्या 90 टक्के मिळतात, साधं आजारपण धरलं तर 70, आणि मला टाकलं आजारपणात. खिडकीवरचे साहेब दर वेळी तोच कागद उलटा करून माझ्याकडे सरकवायचे, "इथं तर दरवाजा लिहिलंय." मी म्हणायचो साहेब दरवाजात बोट चेपतं, असं सरळ तुटत नाही, पट्टी सोडून दाखवू का? तर म्हणे कागदावर बोला. असे चार महिने, सात चकरा, त्यात दोनदा लंच टाइम. कंपनीने अपघाताचा रिपोर्ट भरलाच नव्हता, एचआरवाले भरतो भरतो म्हणत होते आणि वर सांगत होते की स्टोअरला येऊन नुसता बस, हजेरी लावतो, पूर्ण पगार घे. मी जवळजवळ गेलोच होतो. जाऊ नका! कामावर हजर दाखवलं त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत आणि काही झालंच नाही असं रेकॉर्ड तयार होतं ते वेगळंच.

शेवटी सुटलं ते पंचिंगमुळे. टाइम ऑफिसमधल्या पोराने प्रिंट काढून दिली, रात्री 8 ला इन, आउट नाहीच. केसपेपरवर वेळ 11:20. मग घरचा दरवाजा आला कुठून? ती प्रिंट, शेजारच्या प्रेसवरच्या दोघांचे लेखी जबाब आणि अर्ज, सगळं ब्रँच मॅनेजरकडे दिलं आणि माझ्या कॉपीवर पोचेचा शिक्का मारून घेतला (शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा). मग अधिकारी कंपनीत चौकशीला आले, आणि जो रिपोर्ट चार महिने भरत होते तो दोन दिवसांत भरला गेला. मागचा फरकही मिळाला.

अपंगत्व किती ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाला पाच मिनिटंही लागली नाहीत. तर्जनीची दोन पेरं म्हणजे 11 टक्के, कायद्याच्या तक्त्यातच आहे, त्या हिशोबाने दर महिन्याला थोडे पैसे येतात, ते आयुष्यभर. टक्के कमी वाटले तर अपील करता येतं पण मुदत तीनच महिने. आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं, कामावरच्या इजेला किती महिने वर्गणी भरली ते बघत नाहीत, नोकरीचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे. उपचार चालू असताना कामावरून काढताही येत नाही, मला तशी धमकी मिळालेली. पहिल्या केसपेपरचा फोटो तिथेच काढा, निदान सोबत आलेल्याला काढायला सांगा, आणि काय लिहिलंय ते वाचा.

मी आता त्याच कंपनीत क्वालिटीला आहे. सुपरवायजर पण तिथेच आहे, दिवाळीला शेकहँडसाठी हात पुढे करतो. मी उजवाच देतो.