यजमान ओळखा, मग पाहुणा: ठाणे-नवी मुंबईतल्या दगडफुलांची नोंद

सोसायटीतल्या नारळाच्या किंवा आंब्याच्या खोडावर राखाडी-पांढरे चट्टे दिसले की कुणीतरी म्हणतंच, ‘झाडाला बुरशी लागलीय, चुना फासून घ्या.’ तो चट्टा म्हणजे लायकेन. गोडा मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचाच भाऊबंद. बांडगुळासारखा तो झाडात मुळं घुसवून रस ओढत नाही, सालीवर फक्त राहतो. बुरशी आणि शैवल यांचा हा एकत्र संसार आहे, हे वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडलं. बुरशी घर बांधते, शैवल उन्हावर अन्न तयार करतं. जगात अशा जाती सुमारे २०,००० आहेत.

या घरात आणखी एक बिऱ्हाड असतं, आणि त्याच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही: लायकेनवरच जगणारी वेगळी बुरशी. २०१८ च्या जागतिक यादीत केवळ लायकेनवरच वाढणाऱ्या अशा सुमारे २,००० जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच जणी यजमानाच्या बाबतीत फार चोखंदळ असतात, एकाच प्रजातीवर किंवा एकाच कुळावर वाढतात. म्हणून या विषयात एक नियम सोडू नये. खालचं लायकेन ओळखल्याशिवाय वरच्या बुरशीला नाव देऊ नये. ‘लायकेनवर काळे ठिपके’ एवढीच नोंद असेल, तर पुढे कुणालाच तिचा उपयोग होत नाही.

सुरुवात दुर्मिळ जातीच्या शोधात येऊरच्या जंगलातून करू नका. रोजच्या वाटेवरच्या पाच झाडांपासून करा. ठाण्यात-नवी मुंबईत पहिली अडचण रंगाची येते. रस्त्यालगतच्या झाडांना साधारण छातीपर्यंत गेरू आणि चुना लावलेला असतो, आणि तेवढ्या भागातली सगळी वस्ती त्याखाली गाडली जाते. त्यामुळे रंगाच्या वरचा भाग बघा, किंवा बागेतली, तलावपाळीमागच्या गल्ल्यांमधली, जुन्या वाड्यांमधली न रंगवलेली झाडं निवडा. पेरू आणि निलगिरी सालीची पापुद्री टाकतात, त्यांच्यावर फारसं काही टिकत नाही. नारळ, आंबा आणि विलायती शिरीष मात्र भरवशाचे. पावसाळ्याआधी फांद्यांची छाटणी होते तेव्हा एरवी २० फुटांवर असणारी वस्ती हातात येते. छाटलेल्या फांद्या टेम्पोत भरायच्या आत तिथं पोचा, आणि फांदी कुठल्या झाडाची ते तिथल्या तिथे लिहून घ्या.

येऊर आणि नागला बंदरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य आहे, आणि खाडीकाठच्या कांदळवनालाही कायद्याचं संरक्षण आहे. या ठिकाणी वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही खरवडू नका, पडलेली काटकीसुद्धा उचलू नका. फोटो आणि वही पुरेशी आहे. बेलापूर किंवा घोडबंदर किल्ल्याच्या दगडाला छिन्नी लावायचा तर प्रश्नच नाही.

भिंग १० पट मोठं दाखवणारं घ्या. नवीन माणसं ते सालीजवळ धरून लांबून बघतात, मग अंधुक दिसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि डोकंच सालीकडे न्या. दोन-अडीच सेंटिमीटरवर चित्र एकदम स्वच्छ होतं. पाण्याची फवारणीची छोटी बाटली जवळ ठेवा. कोरडं राखाडी लायकेन ओलं झालं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवल हिरवं दिसू लागतं. म्हणूनच रंगाची नोंद नेहमी कोरड्या अवस्थेतली करायची. जुलैत ओला बघून ‘हिरवा’ लिहिलेला नमुना फेब्रुवारीत पुन्हा सापडत नाही.

काही गोष्टी हमखास फसवतात. पावसाळ्यात भिंतींवर आणि खोडांवर केशरी मखमल पसरते, ते नुसतं ट्रेंटेपोलिया हे शैवल. रंगानं केशरी असलं तरी जातीनं हिरव्या शैवलांपैकी, आणि एकटं असेपर्यंत ते लायकेन नव्हे. आंब्याच्या पानावरचा तांबडा ‘तांबेरा’ सेफॅल्युरॉस या शैवलामुळे होतो. त्याच शैवलाला बुरशीची साथ मिळाली की करडे गोल ठिपके बनतात, ते मात्र स्ट्रिग्युला हे पानांवरचं लायकेन. गुळगुळीत सालीवर मोडी लिपीत कुणी ओळी गिरवल्यासारख्या काळ्या रेघा दिसल्या, तर बहुधा ग्राफिस हे लायकेन किंवा त्याचे नातलग. तिथं फोटोवरून प्रजातीचं नाव सांगता येत नाही. बीजाणू बघावेच लागतात.

घरी करायच्या रासायनिक चाचण्यांचा सराव रानातल्या नमुन्यावर नको. किराणा दुकानातून ५० ग्रॅम दगडफूल आणा. त्यात बहुधा अनेक जाती मिसळलेल्या असतात आणि ठावठिकाणा माहीत नसतो. नोंद म्हणून त्याला किंमत नाही, पण हात बसवायला त्याच्यासारखं साधन नाही. ब्लेडनं वरचा पातळ थर खरवडून आतला पांढरा कापसासारखा भाग उघडा करा आणि त्यावर सुईच्या टोकाएवढा थेंब ठेवा. ‘के’ म्हणजे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम. ‘सी’ म्हणजे घरगुती ब्लीच. रुंद पाकळ्यांचं, कडेला केस नसलेलं आणि वर बारीक बोटांसारखे उंचवटे असलेलं पार्मोट्रेमा टिंक्टोरम मिळालं, तर आतला भाग ‘सी’नं लाल होतो. अरुंद पट्ट्यांचं, कडांना काळे केस असलेलं एव्हर्निॲस्ट्रम ‘के’नं आधी पिवळं, मग लाल होतं. त्याला मिनिटभर थांबावं लागतं. ‘सी’चा लाल रंग काही वेळा क्षणात विरतो, तेव्हा थेंब टाकताना भिंग डोळ्यालाच असू द्या.

सर्वांत जास्त चुका शिळ्या ब्लीचमुळे होतात. बाटली उघडून काही महिने झाले की त्यातला क्लोरीन उडतो, आणि मग प्रत्येक नमुना ‘सी’ला नकार देतो. वहीत ‘नाही’ लिहिलं जातं, प्रत्यक्षात नकार बाटलीचा असतो. टिंक्टोरमचा एक तुकडा कायम डबीत ठेवा. प्रत्येक बैठकीत आधी त्याच्यावर थेंब टाका, तो लाल झाला तरच पुढे जा. ब्लीच संडास साफ करायच्या ॲसिडजवळ ठेवू नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो. ‘पी’ म्हणजे पॅराफिनिलिनडायअमाईन हे विषारी आहे आणि डाग पाडतं. घरच्या टेबलावर ते वापरू नये असंच माझं मत आहे. चाचणी झालेला कण कापून फेकून द्या, नाहीतर रसायन उरलेल्या नमुन्यात पसरतं.

आपल्याकडे सर्वांत उपयोगी पडतो तो अतिनील टॉर्च. आपल्या भागातल्या खोडांवर पिक्सिन आणि डिरिनारिया ही दोन लायकेन शेजारी शेजारी असतात. दोन्ही राखाडी, दोन्ही सालीला घट्ट चिकटलेल्या, आणि लांबून अगदी एकसारख्या. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की पिक्सिन कोकोएस लख्ख पिवळं चमकतं, कारण त्याच्या वरच्या थरात लायकेक्झँथोन हे द्रव्य असतं. डिरिनारियाचा पृष्ठभाग तसा चमकत नाही. बाजारातले स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ चे असतात. त्यांचा जांभळा उजेडच इतका की पिवळा झाकोळतो. घेताना आकडा वाचून घ्या. टॉर्च डोळ्यात मारू नये, हे वेगळं सांगायला नको.

आता पाहुण्यांकडे, म्हणजे लायकेनवरच्या बुरशीकडे. टॉर्चनं आणि थेंबांनी यजमान पक्का झाला की त्याचा पृष्ठभाग सावकाश फिरून बघा. लक्ष द्यायचं ते चार गोष्टींकडे: मध्ये काळे बिंदू असलेला फिकट गोल भाग, यजमानाच्या वाटीसारख्या फळांवर पडलेले काळे ठिपके, गुलाबी किंवा केशरी दाणे, आणि फुगलेल्या गाठी. पार्मोट्रेमावर तपकिरी फुगीर गाठी असतील तर ट्रेमेला या बुरशीची शक्यता धरा. पण काळा बिंदू दिसला की लगेच आनंदू नका. बऱ्याच लायकेनना स्वतःचेच काळे बिंदू असतात, बीजकण तयार करणाऱ्या कुप्या. ते बहुधा निरोगी भागावर सारखे विखुरलेले असतात. पाहुण्याचे ठिपके घोळक्यानं येतात, आणि बऱ्याचदा त्यांच्याभोवती यजमान आजारी दिसतो. रस्त्यालगत काजळीही ठिपक्यांसारखी बसते. ओल्या ब्रशनं पुसली जाते ती काजळी. शंखगोगलगायीनं चरलेला भाग नागमोडी आणि स्वच्छ पांढरा असतो, त्यात ठिपके नसतात. आणि यजमान आधीच मेलेला असेल, तर वरची बुरशी नुसती कुजवणारी असू शकते. म्हणून जिवंत-मृत सीमेवरचा तुकडा घ्या, मधला मेलेला भाग नको.

सूक्ष्मदर्शकाखाली किमान तीन-चार ठिपके कापा. एकाच ठिपक्यावरून निष्कर्ष नको. काप आधी साध्या पाण्यात बघा, कारण खरा रंग तिथंच दिसतो. मग कडेनं ‘के’चा थेंब ओढून घ्या, काप मोकळा होतो. आयोडीनची चाचणी मात्र वेगळ्या, ‘के’ न लागलेल्या कापावर करा. ग्राफिसचे बीजाणू आयोडीननं निळे-जांभळे होतात. पिक्सिनवरच्या काळ्या कुपीतून एकपेशीय, गोलसर, तपकिरी कण बाहेर पडले तर लायकेनोकोनियम या बुरशीकडे बघावं. रंगहीन कण असतील तर तो यजमानाचाच असण्याची शक्यता आधी तपासा. २० बीजाणू मोजा, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहा. नुसती सरासरी लिहिली तर पुढच्या माणसाला तुलना करता येत नाही.

नमुना सालीच्या मेलेल्या थरासकट, नखाएवढा घ्यायचा. कागदाच्या पुडीत, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. आपल्या पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये तो दोन दिवसांत पांढऱ्या बुरशीनं भरतो, आणि मग ती बुरशी लायकेनवरची होती की नंतर आली हे सांगता येत नाही. पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा. पूर्ण वाळल्यावर पुडी बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बारीक किडे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दमट हवेतलं पाणी थेट नमुन्यावर जमतं.

पुडीवर तारीख, झाडाची जात, खोडाचा घेर, जमिनीपासून उंची, दिशा, सावली की ऊन, आणि अक्षांश-रेखांश. मोबाईलवर दशांशानंतर पाच आकडे येतात, म्हणजे सुमारे एक मीटर, पण मोबाईलची खरी चूक इमारतींमध्ये बरीच जास्त असते. ती चूकही मीटरमध्ये लिहा. बुरशीच्या नोंदीत दोन नावं हवीत, पाहुण्याचं आणि यजमानाचं. पाहुण्याची खात्री नसेल तर वंशाच्या नावावर थांबा.

एका भागाची दुसऱ्याशी तुलना करायची असेल तर मोजण्याची रीत सगळीकडे एकच हवी. युरोपात ठरलेली पद्धत सोपी आहे: १० सेंटिमीटरच्या पाच चौकटींची शिडी, खोडाच्या चार बाजूंना, खालची कड जमिनीपासून एक मीटरवर. म्हणजे एका झाडाला २० चौकटी. प्रत्येक जात किती चौकटींत दिसली तेवढा आकडा लिहायचा. शिडी जाड प्लास्टिकच्या जाळीतून कापता येते. आपल्याकडे एक मीटरवर गेरू असतो, म्हणून खालची कड दीड मीटरवर घ्या, पण मग ठाण्यातही दीड, खारघरलाही दीड. कललेलं झाड सोडा, कारण वरच्या बाजूला पाणी जास्त मुरतं. शून्य आलेली झाडंही वहीत राहू द्या. पॅरिसमध्ये लायकेन शहराच्या हवेत नाहीशी होतात हे वनस्पतिशास्त्रज्ञ निलँडर यांच्या १८६६ मध्ये लक्षात आलं, ते नसलेल्या जातींची दखल घेतल्यामुळेच. टीटीसी औद्योगिक पट्ट्यालगतची आणि गवळीदेव डोंगराच्या बाजूची तीच जात, तोच घेर, अशी पाच-पाच झाडं मोजली तर ती जोडी अनेक वर्षं उपयोगी पडेल.

निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना एकाच निरीक्षणात चार फोटो द्या: पूर्ण झाड, मोजपट्टीसह चट्टा, भिंगातून जवळचा, आणि अतिनील प्रकाशातला. बुरशी असेल तर तिचं निरीक्षण वेगळं करा आणि यजमानाच्या निरीक्षणाचा दुवा त्यात जोडा. एकाच नोंदीत दोन्ही कोंबली की ओळखणारे दोन गटांत विभागतात आणि नोंद अर्धवट राहते. महाराष्ट्रात नवीन वाटणारी जात असेल तर फोटोवर भागत नाही, पुडी संग्रहालयात गेली पाहिजे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत लायकेनचे संग्रह आहेत. पाठवायच्या आधी पुडीचे दोन भाग करा, दोन्हींवर एकच क्रमांक घाला, आणि बुरशी असलेला तुकडा यजमानापासून सोडवू नका.