फोन छोटीला आला

पेपरच्या बातमीदारांनी फोन छोटीला केला, माझ्या पीआर एजन्सीतल्या पोरीला. मला नाही.

विचारायचं होतं एवढंच, की टॉवेलच्या बातमीतला निर्यातीचा आकडा मागच्या वर्षीचा की यंदाचा. तिनं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, विषय संपला. मी समोरच बसले होते, बिलं काढत.

प्रेस नोटखाली तिचा नंबर टाक म्हणून मीच सांगितलं होतं. सरांचाही, म्हणजे माझ्या जुन्या बॉसचाही, तोच धोशा होता: एजन्सी चालवायची तर आधी फोन उचलणं सोड. मग मला लागायचं कारण काय? पण लागलं. इतकी वर्षं पान लागायच्या घाईत त्यांचा फोन मला यायचा. "ताई, फोटोत डावीकडून तिसरे कोण वो?" आणि मला ते तोंडपाठ असायचं.

बरं, पोरीनं काही चुकीचं केलं म्हणावं तर तेही नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत शहराच्या पानांवर नंदीध्वज आणि अक्षता सोहळा, त्यात टॉवेलला कोण विचारतो! तिनं नोट यात्रा ओसरेपर्यंत दाबून ठेवली. मला न विचारता. मीही तेच केलं असतं. तेच खुपतंय.

आणि माझ्या वाट्याला काय, तर रिटेनर, म्हणजे महिन्याची ठरलेली फी. क्लायंट पैसे देणार त्याच्या सवडीनं, पण बिल फाडलं की 18 टक्के जीएसटी पुढच्या 20 तारखेला आपण आपल्या खिशातून भरायचा. टीडीएस कापायला मात्र कुणी विसरत नाही. वर टॉवेलवाले शेठ विचारतात, "पेपरात किती कॉलम सेंटिमीटर जागा मिळाली? जाहिरातीच्या दरानं किती होतात?" बातमीची किंमत अशी काढू नये, असं या धंद्यातल्या लोकांनी 2010 मध्ये बार्सिलोनाला ठरवलंय, हे मी त्यांना सांगून पाहिलं. म्हणाले, "बार्सिलोना राहू द्या मॅडम, अक्कलकोट रोडचं बोला."

आईला हे सगळं सांगणार होते. पण तिचं आधीच... जाऊ दे.

आत्ता जेवताना आठवलं. बातमीदार सरांना सोडून मला फोन करायला लागले, तेव्हा सर काय करायचे? ऑफिसच्या कॅलेंडरवर चहावाल्याचा हिशोब मांडायचे. अगदी मन लावून. मी फोनवर असले की जरा जास्तच मन लावून. मला वाटायचं, वय झालं. आता हसू येतंय. म्हाताऱ्यानं कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही, आणि मी दुपारी बिलावर तारीख मागच्या वर्षीची टाकत होते.

तरी तिला एकदा विचारायला हवं, की ते "ताई" म्हणाले का "मॅडम". नको. कशाला.

उद्या शेठकडे तिलाच पाठवते, एकटीला. कॉलम सेंटिमीटरचं काय ते तीच बघू दे.