निवृत्त प्राध्यापकांचं अभ्यास मंडळ कसं उभं राहतं, कसं टिकतं : माझा अनुभव

पुण्यात आम्ही निवृत्त प्राध्यापकांचं एक अभ्यास मंडळ चालवतो. मी त्याचं संयोजन बघते. आपल्या गावी असं काही सुरू करावं म्हणून बरेच जण विचारतात, तेव्हा कामाच्या गोष्टी एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

महाराष्ट्रात प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. तब्येत बरी असते, वाचायची सवय मोडलेली नसते, पण ग्रंथालयाचं लॉगिन, विद्यापीठाचा ईमेल आणि समोर बसणारी मुलं हे तिन्ही जवळजवळ एकदमच जातात. त्यामुळे अशा मंडळाची पहिली कल्पना नेहमी व्याख्यानमालेची निघते: दर आठवड्याला एकाने आपल्या विषयावर बोलायचं. माझं स्पष्ट मत आहे की हा साचा घेऊ नये. व्याख्यानं ऐकायची तर पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आहे, आणखीही पुष्कळ आहेत. निवृत्त प्राध्यापकांच्या मंडळात बोलणाऱ्यांची यादी भराभर भरते आणि ऐकणाऱ्यांची ओसरते. पाऊण तासाचं बोलणं सव्वा तासावर जातं, कारण वक्ता तीस-पस्तीस वर्षांच्या तासिका पोटात घेऊन आलेला असतो. ज्याचं बोलून झालं तो पुढच्या वेळी येईलच असं नसतं.

म्हणून आमच्या मंडळाचा पहिला नियम असा की सत्रात कुणीही आपला विषय शिकवायचा नाही. सगळ्यांनाच नवीन असेल असं काही निवडायचं आणि ते मिळून शिकायचं. ब्रिटनमध्ये १९८२ साली केंब्रिजला सुरू झालेली ‘थर्ड एज’ विद्यापीठं याच्या जवळची आहेत. तिथे परीक्षा नाही, पदवी नाही, सभासदच एकमेकांना शिकवतात. त्याआधी १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूजला निघालेलं मूळ रूप मात्र विद्यापीठाने वयस्करांसाठी चालवलेल्या वर्गांचं होतं. प्राध्यापकांच्या बाबतीत आम्ही केंब्रिजच्याही एक पाऊल पुढे जातो आणि शिकवणाऱ्याची खुर्चीच काढून टाकतो.

नव्या विषयांत आमच्याकडे सगळ्यात चांगली रुजली ती मोडी लिपी. पुण्यात तिची सोयही आहे. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचा संग्रह, इथेच, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत, आणि मोडीचे वर्गही अधूनमधून निघत असतात. इतिहासाचे मोजके लोक सोडले तर भौतिकशास्त्राचे, इंग्रजीचे, वाणिज्याचे सगळे इथे सारखेच नवखे असतात. मोडी आधीपासून येत असेल त्याला पहिले दोन महिने फक्त वह्या तपासायचं काम द्यावं.

सुरुवात अशी करतो. दुरेघी वही आणि तिरक्या कापाच्या निबेचं पेन. आधी ओळभर शिरोरेषा आखून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ मारतो, त्यामुळे हात सुरुवातीला अडतो. पहिल्या महिन्यात बाराखडी गिरवणं, दुसरं काही नाही. ‘क’ला काना लागला की अक्षराचं रूपच बदलतं, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दांत जागा सोडलेली नसते आणि विरामचिन्हं नसतात. म्हणून अक्षरं ओळखता आली तरी ओळ वाचता येत नाही. उत्साही माणूस इथे गळतो. त्याला हे आधीच सांगून ठेवावं आणि पहिला कागद पेशवेकालीन, स्वच्छ वळणाचा द्यावा. घाईत लिहिलेले उत्तरकालीन कागद नंतर.

वाचन तिघांच्या गटात करतो. एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून घेतो, तिसरा कोश आणि शकावली (जुन्या कालगणनांच्या तारखा जुळवून दाखवणारं कोष्टक) घेऊन बसतो. दर अर्ध्या तासाने कामं बदलायची. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबं द्यायची, अंदाजाने शब्द भरायचा नाही. हा नियम कडक ठेवावा लागतो, कारण भाषेच्या प्राध्यापकाला वाक्य पुरं करण्याचा मोह आवरत नाही.

सगळ्यात रंगत येते ती तारखेला. समजा पत्रात ‘सन इसन्ने सबैन मया व अलफ’ असं आहे. ही अरबी संख्या आहे: इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७२, आणि हा सुहूर सन, म्हणजे जुन्या कारभारात वापरली जाणारी एक कालगणना. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. उत्तर इसवी सन १७७१ किंवा १७७२. दोन्हींतलं कोणतं, ते हिजरी महिन्यावरून ठरतं. पत्रात ‘छ’ अक्षरापुढे चांद्रतिथी आणि महिना असतो, तो शकावलीत पाहायचा. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे महिने ऋतूंतून सरकत राहतात, त्यामुळे रमजान म्हणजे अमुक इंग्रजी महिना असं कायमचं पाठ करून भागत नाही. एवढ्याशा तारखेसाठी गणिताचे सर, फारसी थोडीफार येणाऱ्या मॅडम आणि पंचांग जाणणारं कुणीतरी अशी तीन डोकी लागतात. हिशेबाच्या कागदांत तर अपूर्णांक उभ्या दंडांनी लिहिलेले: ८। म्हणजे सव्वाआठ, ८।। साडेआठ, ८।।। पावणेनऊ. अर्थशास्त्राची माणसं त्यात तासन्‌तास बसतात.

मोडीच्या जोडीने दुसरं काम घेतलं ते मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मोफत ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर, जुनी पुस्तकं तपासण्याचं. स्वामित्वहक्क संपलेलं पुस्तक घ्यायचं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. पडद्यावर एका बाजूला पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. तो ताडून दुरुस्त करायचा. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, आणि दुसऱ्या सभासदाने पुन्हा तपासलं की हिरवं. एकाच माणसाला स्वतःचं पान हिरवं करता येत नाही, आणि म्हणूनच हे काम मंडळाला शोभतं: प्रत्येकाला जोडीदार लागतोच.

यंत्राच्या चुका ठरलेल्या असतात. ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तुटलेलाच राहतो. त्या सापडतात. न सापडणारी चूक माणसाकडून होते. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार भरपूर असतात आणि आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेला हात ते खोडत जातो. मूळ जसं छापलं तसंच ठेवायचं, हे प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला फळ्यावर लिहितो.

आणखी एक व्यावहारिक अडचण. विकिस्रोतावर एकाच वायफायवरून एका दिवसात सहापेक्षा जास्त खाती उघडता येत नाहीत. सगळ्यांना सभागृहात बसवून खाती काढायला घेतली की सातव्याला नकार येतो आणि तो समजतो आपलंच काही चुकलं. खाती ज्याने त्याने घरून, आपल्या मोबाइलवरून काढून यावीत. टंकलेखनाला फोनवर बोलून लिहिणं सगळ्यांत सोपं जातं, विरामचिन्हं तेवढी हाताने द्यायची. ज्यांच्या जुन्या नोट्स श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत त्यांना त्या नव्या संगणकावर अगम्य दिसतात. परिवर्तकातून काढल्या की बऱ्याचशा वाचता येतात, जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात.

वाचनसामग्रीचा प्रश्न वाटतो तेवढा बिकट नाही. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर खुले आहेत, भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुलं आहे, आणि जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या संकेतस्थळावर वैयक्तिक खातं काढलं की महिन्याला शंभर लेखांपर्यंत पडद्यावर मोफत वाचता येतात. हे खातं काढताना खाजगी ईमेल द्यावा. निवृत्ती जवळ आलेल्यांनी जुन्या विद्यापीठीय ईमेलवरची सगळी खाती आधीच बदलून घ्यावीत, नंतर पासवर्ड परत मिळवताना फार त्रास होतो.

आता वेळ आणि जागा. सकाळी साडेदहा ते बारा ही वेळ आम्हाला मानवली. संध्याकाळी समोरच्या दिव्यांचा त्रास होणारे गाडी चालवत नाहीत, दुपारी मधुमेहींच्या जेवणाची वेळ असते, आणि नातवंडांच्या शाळेची बस साडेबाराला. चहा मधोमध ठेवावा, शेवटी नको. शेवटी ठेवला की निम्मे लोक रिक्षा बघायला लागतात. मध्ये ठेवला तर वीस मिनिटं खऱ्या गप्पा होतात, आणि ज्यांना तासाभरात उठावंच लागतं त्यांना संकोच वाटत नाही. बिनसाखरेची किटली वेगळी आणि चिठ्ठी लावलेली हवी.

जागा तळमजल्यावरच घ्यावी, स्वच्छतागृहही त्याच मजल्यावर. उतारवयात आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणजे स, फ, थ यांसारखी व्यंजनं निसटतात. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाही. पंख्याच्या घरघरीत हे आणखी बिघडतं. म्हणून खुर्च्या घोड्याच्या नालेसारख्या मांडाव्यात, म्हणजे बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, आणि स्पीकर पुढे न ठेवता मधल्या बाजूला ठेवावा. “मला माइक लागत नाही” असं प्रत्येक प्राध्यापक म्हणतो. तरीही माइक सक्तीचा ठेवावा, कारण तो ऐकणाऱ्यासाठी असतो. पडद्यावरचा मजकूर ३२ पॉइंटच्या खाली नको, आणि मोडीचा कागद ए-थ्री आकारात छापून हातात द्यावा.

मानाचा प्रश्न नाजूक आहे. विभागप्रमुख आणि त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेले प्राध्यापक, मार्गदर्शक आणि त्यांचेच पीएच.डी.चे विद्यार्थी एका गटात आले की एक जण बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. हजेरीपटावर फक्त नाव, पूर्वीचं पद नाही. गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे. ‘सर’ आणि ‘मॅडम’ मात्र राहू द्यावं, ते काढायला गेलो तर सगळेच अवघडतात. शाल-श्रीफळ, सत्कार, वाढदिवस हे सत्रात आणायचं नाही. वर्षातून एक सहल आणि एक जेवण पुरतं. जोडीदारांना पहिल्या दिवसापासून सभासद करून घ्यावं, ते प्राध्यापक असोत वा नसोत.

संस्था नोंदवावी का? सात सभासद असले की १८६०च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदणी होते. महाराष्ट्रात तिच्यापाठोपाठ १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणूनही नोंद करावी लागते. त्यानंतर दर वर्षी हिशेबतपासणी, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाचा अहवाल. आपल्या वयोगटात विश्वस्त बदलण्याचे प्रसंग येणारच, आणि ते अहवाल तुंबले की पुढच्या माणसाला वारसा म्हणून फाइलच मिळते. मोठी देणगी किंवा स्वतःची जागा येत नसेल तर नोंदणी करू नये. जवळच्या नोंदणीकृत ज्येष्ठ नागरिक संघाचा किंवा वाचनालयाचा उपक्रम म्हणून चालवावं. पैसे त्यांच्या खात्यात, पावती त्यांची, हिशेब आपल्या वहीत.

वर्षाची आखणी गळती गृहीत धरून करावी. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची धावपळ असते. त्या महिन्यातलं एक सत्र चेहरा दाखवून फोनवरून दाखला काढायला द्यावं, सगळे येतात. दाखला काढताना चेहऱ्यावर समोरून उजेड हवा आणि चष्मा काढलेला बरा. डिसेंबरापासून मुलांकडे परदेशी जाणारे वाढतात. त्यांना विकिस्रोताची पानं द्यावीत, मोडीचा गट इथे असलेल्यांवर चालवावा. पावसाळ्यात रिक्षा मिळत नाही, म्हणून दोन-तीन जण मिळून एका गाडीने येतील अशी यादी आधीच लावावी.

प्रत्येकाचा एक कागद आमच्या फाइलमध्ये असतो: जवळच्या नातलगाचा फोन, चालू औषधं, कशाची ॲलर्जी. कुणी सलग दोनदा आलं नाही की गटातल्याच माणसाने फोन करायचा, निरोप टाकून भागवायचं नाही. बहुतेक वेळा घरात कुणी आजारी असतं, किंवा ऐकू कमी येऊ लागलेलं असतं आणि ते सांगायला नको वाटतं. स्मरण कमी होऊ लागलेल्या सभासदाला तारखांचं काम देऊ नये, मोठ्याने वाचायला द्यावं. वळण डोळ्यात बसलेलं असतं, ते बराच काळ टिकतं, आणि त्या गटाचं काम जरा हळू चाललं तरी बिघडत नाही.

नवीन माणूस वर्षाच्या मध्यातही घ्यावा. त्याला सगळ्यांत जाणकार सभासदाशेजारी बसवू नये, नुकतीच बाराखडी संपवलेल्याशेजारी बसवावं. कुठे हात अडतो ते त्यालाच ताजं आठवत असतं, आणि शिरोरेषा आधी आखायची हे तोच न कंटाळता दहा वेळा सांगतो.