पाणी उतरताना

भिरा येथील वीजगृह १९२७ पासून मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली आणून वीज बनवते आणि ते कुंडलिका नदीत सोडते. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले, एरवी बंगालच्या उपसागराकडे गेले असते ते पाणी रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते. कोकणातल्या कित्येक नद्यांची मे महिन्यात डबकी होतात, तेव्हा कुंडलिका रोज सकाळी फुगते, आणि कोलाडचे राफ्टिंग त्या विसर्गावरच चालते. साहजिकच, ‘इथे पाण्याची ददात नाही, मग अभ्यास कसला?’ असे नदीतल्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या मला तिथे नेहमी विचारले जाई.

अशाच एका मे महिन्यात आम्ही काठालगत चौकटीची जाळी लावून दगडांखालचे कीटक गोळा करत होतो. वर विसर्ग थांबला आणि पाणी इतक्या झपाट्याने ओसरले की जाळी कोरडी पडली, उथळ खळग्यांत माशांची बोटाएवढी पिल्ले अडकली आणि मेफ्लाय या कीटकाची डिंभके, म्हणजे पाण्यात वाढणारी पिल्ले, तापू लागलेल्या दगडांवर वळवळत राहिली. सोबतचे कातकरी काका मात्र सरळ ठरावीक खळग्यांकडे गेले आणि हातानेच मासे वेचू लागले. “ताई, पाणी बंद झालं की मासा इथंच गावतो, जाळं कशाला लागतंय?” माझ्या नकाशात नसलेले खळगे त्यांना पाठ होते, पुढच्या नमुन्यांच्या जागा मी त्यांनाच विचारून ठरवल्या.

सदैव पाण्याखाली असलेल्या दगडांवर कॅडिस या कीटकाच्या अळ्यांची वाळूची घरटी दाटीने चिकटलेली आढळली. रोज भिजणारा आणि रोज सुकणारा पट्टा त्यामानाने जवळजवळ ओसाड होता. धरणांवरच्या आपल्या चर्चेत नदीत पाणी किती सोडावे यावर पुष्कळ बोलले जाते, ते किती वेगाने बंद करावे यावर फारच थोडे. नॉर्वेत ट्राउट माशाच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत पातळी तासाला १० सेंटीमीटरपेक्षा हळू उतरवल्यास ती अडकण्याचे प्रमाण बरेच घटते, असे दिसले. तो आकडा आपल्या माशांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हे उघड आहे. शिवाय मागणीनुसार क्षणात सुरू आणि बंद होणे हेच जलविद्युतेचे मोल असल्यामुळे, ‘हळू थांबा’ म्हटल्यावर अभियंत्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही. म्हणून मी अहवालात एवढेच सुचवले की वीजगृह हवे तेव्हा थांबावे, पण त्याखाली जिथे समतोल तलाव (वीजगृहातून आलेले पाणी अडवून पुढे सोडणारा छोटा तलाव) असेल तिथे त्याची दारे टप्प्याटप्प्याने मिटावीत.